देवगडची बाग, फोंडा घाट, २० क्रेट: पिकअप गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक?

हापूसची_पेटी

नमस्कार मंडळी. डबल कॅब फोर बाय फोर पिकअप घ्यायचं नक्की झालंय. हायलक्स आणि डी-मॅक्स व्ही-क्रॉस या दोनच गाड्या डोळ्यांसमोर आहेत. घोडं अडलंय ते गिअरबॉक्सवर.

वापर सांगतो. बाग देवगड तालुक्यात. डांबरी सोडली की आत तीन किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता, मधे दोन उभे चढ, त्यातला एक नेमका वळणावर. एप्रिल-मेमध्ये रोज वीसेक क्रेट निघतात, एकेक २० ते २२ किलोचा. आठवड्यातून दोनदा नांदगाव, फोंडा घाट, राधानगरी करत कोल्हापूर. पावसाळ्यात माल नसतो, पण बागेत जाणं सुटत नाही आणि तेव्हा तोच रस्ता लाल चिखलाचा होतो. वर्षातून चार-पाचदा मुंबई. चालवणार मी आणि बाबा. बाबांचं वय ६६, डावा गुडघा कुरकुरतो, पण ऑटोमॅटिक घाटाच्या उतारावर आवरत नाही, पळते असं त्यांचं ठाम मत आहे.

विचारायचं एवढंच: माल भरून चढायला कुठली बरी? उतारावर ऑटोमॅटिकवर भरवसा ठेवता येतो का? आणि गाडी दहा वर्षं ठेवायची तर खर्च कुठे निघतो? चांगलं सर्व्हिस सेंटर गाठायला अख्खा दिवस जातो, हेही हिशेबात धरा.

---

घाटमाथा

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ म्हटलं की बऱ्याच जणांना छोट्या गाड्यांतला एएमटी आठवतो. तो आतून मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्रणा करते. चढावर मागे सरकणं, गिअर बदलताना मान डोलणं, ही सगळी त्याची लक्षणं. तुम्ही बघताय त्या दोन्ही पिकअपांत टॉर्क कन्व्हर्टरवाला सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. त्याला क्लच प्लेट नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेलं भांडं असतं. इंजिनाकडचा पंखा तेल ढकलतो आणि ते तेल समोरचा पंखा फिरवतं.

आता चढाचं गणित, हायलक्सच्या आकड्यांनी. इंजिन तेच २.८ लिटरचं, २०४ पीएस, पण मॅन्युअलला टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४२० न्यूटन मीटर दिलाय आणि ऑटोमॅटिकला ५००. हा फरक ब्रोशरमध्ये बारीक अक्षरांत असतो आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर मॅन्युअलला ४.७८, ऑटोमॅटिकला ३.६०. गुणाकार केला तर मॅन्युअलला साधारण २,००० आणि ऑटोमॅटिकला १,८००, म्हणजे कागदावर मॅन्युअल पुढे. पण गाडी जागेवरून उठताना टॉर्क कन्व्हर्टर स्वतः टॉर्क वाढवतो. पावणेदोन पट धरला तरी १,८०० चे ३,१५० होतात. गाडी वेग घेऊ लागली की ही वाढ उतरत उतरत एकास एक होते. म्हणजे ज्या क्षणी क्लचला सगळ्यात जास्त मार बसतो, नेमका त्याच क्षणी कन्व्हर्टर सगळ्यात जास्त मदत करतो.

व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटर, १६३ पीएस आणि ३६० न्यूटन मीटर, दोन्ही गिअरबॉक्सांना सारखेच. तिथे ब्रोशरमधला टॉर्कचा फरक नाही, पण कन्व्हर्टरचा हा फायदा तोच.

तुमच्या वळणावरच्या चढाला, माल भरून, माझं मत सरळ ऑटोमॅटिकला.

---

पाना_१४

माझं मत गिअरच्या गाडीला. कारण एकच: क्लच गेला तर कणकवलीत काय, तालुक्यातल्या कुठल्याही बऱ्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून दोन दिवसांत गाडी रस्त्यावर येते. ऑटोमॅटिकचा व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) किंवा कन्व्हर्टर बिघडला की गाडी क्रेनवर आणि मालक फोनवर. सीझनच्या ऐन मे महिन्यात हे परवडणार आहे का, ते आधी ठरवा.

---

हाफ_क्लच

पानावाल्यांचा मुद्दा खरा आहे, पण ‘क्लच गेला तर’ हे वाक्य इतक्या सहज म्हणून सोडून देऊ नये. या वापरात तो जाणारच. प्रश्न फक्त कधी जाणार एवढाच.

क्लच घसरतो तेव्हा इंजिनाची ताकद उष्णता होऊन थेट प्लेटच्या अस्तरात मुरते. ती जागा कोरडी आणि बंद घरात, तिथे ना तेल ना वारा. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग थंड झालं तरी पूर्वीची पकड येत नाही. उभ्या चढावर माल भरून दोन-तीन वेळा हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की जळका वास येतो. तो वास म्हणजे प्लेटचं आयुष्य धुरावाटे बाहेर पडतंय. मागे घेत चढ चढणं तर याहून वाईट, कारण रिव्हर्समध्ये वेग कमी म्हणून पाय क्लचवरच राहतो.

उपाय आहे आणि तो फुकट आहे: ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा जोड-गिअरबॉक्स. त्यातला लो रेंज चाल कमी करून जोर वाढवतो, हायलक्सचा २.५६६ चा. पहिला गिअर गुणिले लो रेंज केलं तर मॅन्युअलला १२.३ येतात, म्हणजे क्लच पूर्ण सोडून गाडी माणसाच्या चालीने चढते. उभा चढ सुरू होण्याआधी, सपाटीवर थांबून, न्यूट्रलमध्ये फोर-लो (चारी चाकं, लो रेंज) टाका. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरात क्लच एकदा सोडा आणि वर पोचेपर्यंत त्याला पाय लावू नका. लोक फोर-लो फक्त चिखलासाठी राखून ठेवतात आणि प्लेटा जाळतात. डांबरी रस्त्यावर किंवा पक्क्या कोरड्या कातळावर मात्र फोर बाय फोरमध्ये तीव्र वळण घेऊ नका. पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत, सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि मग लिव्हर किंवा नॉब परत फिरता फिरत नाही. सुट्या जांभ्याच्या खडीवर चाकं थोडी सरकून तो पीळ मोकळा होतो, तिथे चालतं.

प्लेट गेलीय हे ओळखायचं कसं: सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरात ४०-५० च्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय.

आणि काम काढलंत तर एकाच वेळी काढा. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हा संच तर हवाच. सोबत पायलट बेअरिंग, आणि क्रँकच्या मागच्या ऑइल सीलची तपासणी. फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्स्फर केस उतरवल्याशिवाय आत हात जात नाही. मजुरीच इतकी की एका सीलसाठी ती दुसऱ्यांदा देऊ नये. अलीकडच्या डिझेलांत फ्लायव्हीलही बहुधा ड्युअल मासचं असतं, दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा. त्याची किंमत क्लच संचाहून जास्त निघू शकते. चौथ्या-पाचव्या गिअरात हजार-अकराशे आरपीएमवर माल ओढायचा हट्ट केला की याच स्प्रिंगा आधी ढिल्या पडतात. इंजिन बंद करताना खडखड ऐकू आली की समजा. गाडी बुक करण्यापूर्वी पार्ट्स काउंटरवर क्लच संच आणि फ्लायव्हील दोन्हींचे दर वेगळे लिहून घ्या.

---

उतार_बघून

बाबांच्या मताकडे येतो, कारण ते अगदी निराधार नाही. ऑटोमॅटिक पळते ती डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून उतरवली तर. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअरबॉक्सला वाटतं गाडीला ताकद नको आहे आणि तो वरचा गिअर टाकतो. इंजिनाची मागे धरून ठेवणारी ओढ कमी होते, चालक ब्रेक दाबत राहतो. पॅड तापतात, त्यांची उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ताजं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ती मर्यादा १४० वर येते. डॉट-४ ला हेच आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या दमट हवेत ऑइल पाणी शोषतंच, म्हणून दोन वर्षांनी ते बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. लोक त्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात, पण बिघाड ब्रेकचा नसतो, उतरवण्याच्या पद्धतीचा असतो.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम: ज्या गिअरला घाट चढवला त्याच गिअरला उतरवायचा. तो ऑटोमॅटिकलाही तसाच लागू आहे. लिव्हर मॅन्युअल मोडला घेऊन वजा करत तिसऱ्यावर, भरलेली असेल तर दुसऱ्यावर या. हे घाट सुरू होण्याआधी करायचं, वेग सुटल्यावर नाही, कारण इंजिन जास्त फिरेल असं दिसलं तर गिअरबॉक्स तुमचा हुकूम मानत नाही, नुसता बीप वाजवतो. एक बारकावा: काही गाड्यांत त्या मोडमध्ये दिसणारा आकडा हा प्रत्यक्ष गिअर नसून वरची मर्यादा असते. ‘४’ दिसलं म्हणजे चौथाच पडला असं नाही, चारपर्यंतचा कुठलाही असेल. इंजिनाचा आवाज आणि आरपीएम बघा. डिझेलला उतारावर अडीच-तीन हजार आरपीएम म्हणजे काही छळ नव्हे.

ओढ शेवटी कुठे जास्त? मॅन्युअलमध्येच. फोर-लो पहिल्या गिअरात मॅन्युअल १२.३ आणि ऑटोमॅटिक ९.२, शिवाय कन्व्हर्टर लॉक (दोन्ही पंखे थेट जोडलेले) नसेल तर थोडी ओढ तेलात हरवते. तुमच्या बागेतल्या उभ्या उतारावर हा फरक पायाला जाणवेल. फोंडा घाटात नाही जाणवणार.

आणि न्यूट्रल मारून उतरणं दोन्हींत बंद. गिअरात असताना पाय काढला की इंजेक्टर डिझेल पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल लागतं. वाचत काहीच नाही.

---

हापूसची_पेटी

सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. ‘ज्या गिअरला चढवला’ ऐकल्यावर थोडे नरमलेत.

आता पुढचं. एक, सेल्समन म्हणतो ऑटोमॅटिकचं ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही. खरं का? दोन, बॅटरी बसली तर ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही, बागेत रेंजही नसते. तीन, चिखलात काय?

---

लाल_तेल

सेल्समनच्या ‘आयुष्यभर’चा अर्थ वॉरंटीच्या आयुष्यभर.

एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, हे नुसतं वंगण नाही. तेच ताकद वाहून नेतं, तेच गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर धरणाऱ्या छोट्या क्लचांवर दाब देतं, तेच थंडावा देतं. वर घाटमाथांनी टॉर्क वाढतो म्हणून सांगितलं ते बरोबर, पण ती वाढ फुकट मिळत नाही. कन्व्हर्टरमध्ये जेवढी घसर तेवढी उष्णता, फक्त ती प्लेटऐवजी तेलात जाते. तेल कूलरमधून फिरतं म्हणून गाडी वाचते. थोडक्यात, दोन्ही गाड्या चढावर तापतात. एकीची उष्णता अडकून राहते, दुसरीची बाहेर काढता येते, आणि ती बाहेर काढणारं तेल आयुष्यभर ताजं राहील असं मानणं म्हणजे कढईतलं तेल वर्षभर न बदलता भजी तळणं.

नेहमीच्या चालीत एटीएफ ८० ते ९५ अंशांत असतं. १२० च्या वर वारंवार गेलं तर ते झपाट्याने काळवंडतं, रबरी सील कडक होतात. माल, उभा चढ, उन्हाळा हे तुमच्याकडे तिन्ही एकत्र आहेत. त्यामुळे मी ६०,००० किलोमीटरला बदला म्हणेन, पहिल्यांदा ५०,००० ला. बहुतेक स्कॅनर आणि चांगले ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी-सॉकेटात लावायचे) एटीएफचं तापमान दाखवतात. सीझनमध्ये एकदा लावून बघा, म्हणजे अंदाजाने बोलायला नको. चढावर तापमान चढत असेल तर डी मध्ये रेटू नका. फोर-लो टाका: तेवढ्याच चालीला इंजिन आणि कन्व्हर्टर मोकळेपणी फिरतात, घसर कमी, उष्णता कमी.

बदलण्याची रीत, कारण इथेच चुका होतात. खालचा बोल्ट उघडला की एकूण तेलाचा साधारण तिसरा हिस्सा निघतो, बाकी कन्व्हर्टर आणि नळ्यांत राहतं. एकदा काढून-भरून थांबलात तर दोन तृतीयांश जुनंच. तीनदा केलंत, मधे प्रत्येक वेळी शे-दोनशे किलोमीटर चालवून, तर सुमारे ७० टक्के नवं होतं. तेवढं पुरे. दाब देऊन फ्लशिंग करणाऱ्यांपासून लांब राहा, विशेषतः जुन्या, कधीच तेल न बदललेल्या बॉक्समध्ये. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसतो.

लेव्हल डिपस्टिकने नव्हे, तापमानाने बघायची. गाडी चारी चाकांवर सपाट, इंजिन चालू, लिव्हर पी (पार्क) ते डी आणि परत असा प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवायचा. तेल गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या तापमानाला, बहुधा ४० च्या आसपास, आलं की ओव्हरफ्लोचा बोल्ट उघडायचा. बारीक धार लागून ती थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. गरमागरम गाडीत बघितली तर तेल फुगलेलं असतं, जास्तीचं सांडतं आणि थंड झाल्यावर कमी भरतं. कमी तेल म्हणजे पंप हवा ओढणार, गिअर उशिरा पडणार, आतले क्लच घसरणार. आणि ग्रेड कंपनीने सांगितलेलाच. ‘सगळ्याला चालतं’ असा डबा दाखवणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

वर्षातून एकदा कूलंटच्या टाकीत डोकावा. एटीएफचा कूलर रेडिएटरच्या पोटात असेल आणि आतून फुटला तर दोन्ही द्रव मिसळून गुलाबी लस्सीसारखं दिसतं. तसं दिसलं तर गाडी एक मीटरही चालवू नका. पाणी आत गेलं की क्लचांच्या अस्तराचा गोंद सुटतो आणि मग पूर्ण ओव्हरहॉल. मॅन्युअलवाल्यांना हे दुखणं नाही, हे मान्य.

मॅन्युअलच्या तेलाबद्दलही एक ओळ. काही पिकअपच्या गिअरबॉक्सात ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल असतं, काहींत चक्क इंजिन ऑइल. डिफरन्शियलचं जीएल-५ दर्जाचं तेल उरलंय म्हणून ते गिअरबॉक्सात ओतू नका. जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे जीएल-५ पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर जुळवणाऱ्या कड्यांना) खातं आणि थंड गाडीत दुसरा गिअर कुरकुरायला लागतो.

---

पाना_१४

वरचं सगळं वाचून माझं मत अजून पक्कं झालं. इतकं सगळं तालुक्यातला कोण नीट करणार?

---

लाल_तेल

५०,००० किलोमीटर म्हणजे तुमच्यासारख्या वापरात दोन-तीन वर्षं. तेवढ्या वेळात एकदा कोल्हापूरला गाडी सोडायची. तिकडे आठवड्यातून दोनदा जाणं आहेच की!

---

चिखलात_चाक

ढकलून सुरू करण्याबद्दल. ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही, कारण आतला तेलाचा पंप इंजिन फिरवतं. इंजिन बंद तर दाब नाही, दाब नाही तर चाक आणि इंजिन जोडलेलंच नाही. पण मॅन्युअलचा हा फायदाही आता निम्माच उरलाय. कॉमन रेल डिझेलला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इंजेक्टर चालवायला वीज लागते. बॅटरी मंद असेल तर ढकलून चालू होईल, ठार मेली असेल तर नाही, आणि झटक्याने क्लच सोडलात तर ड्युअल मास फ्लायव्हीलला तो हातोडाच. दोन्ही गाड्यांना उत्तर एकच: १२ व्होल्टचा जंप स्टार्टर डॅशबोर्डच्या खणात, दर दोन महिन्यांनी चार्ज करून.

टोचनबद्दल जास्त महत्त्वाचं. बंद ऑटोमॅटिक गाडी चारी चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढू नका, पंप बंद म्हणून आतले भाग कोरडे फिरतात. मॅन्युअलला चालतं असं सर्रास म्हणतात, तेही अर्धवट. न्यूट्रलमध्ये ओढली की बाहेरचा शाफ्ट फिरतो पण खालचा, तेल उडवणारा शाफ्ट थांबलेला असतो. बागेतून डांबरीपर्यंत ओढायला हरकत नाही, नांदगावपर्यंत नको. लांब न्यायची तर दोन्हींना फ्लॅटबेड.

चिखल. इथे ऑटोमॅटिक पुढे आहे आणि त्याचं कारण साधं: गिअर बदलताना ताकद तुटत नाही. मॅन्युअलमध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना अर्धा सेकंद गाडी मोकळी सुटते, लाल चिखलात तेवढ्यात ती बसते. म्हणून मॅन्युअलवाल्यांनी फोर-लो दुसरा किंवा तिसरा आधीच निवडून, न बदलता पार व्हावं. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोडमध्ये दुसरा धरून ठेवावा, पॉवर मोड बंद. चाकं थोडी फिरू द्यायची असतील तर ट्रॅक्शन कंट्रोलही बंद, नाहीतर ते ऐन वेळी ताकद कापतं.

फसलात तर पुढे-मागे हेलकावे देताना चाकं पूर्ण थांबल्याशिवाय डी वरून आर (रिव्हर्स) वर जाऊ नका. फिरत्या चाकांवर उलटा गिअर टाकला की आतल्या क्लचचा चुरा. चार-पाच प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा, टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढे जांभ्याचे तुकडे टाका. बाहेर आल्यावर हवा भरायला टायर इन्फ्लेटर जवळ हवा.

मॅन्युअलला चिखलाचं स्वतःचं एक दुखणं आहे. बेल हाउसिंगमध्ये चिखलाचं पाणी शिरलं तर रिलीज बेअरिंग गंजून ओरडायला लागतं आणि प्लेटीवर बारीक माती चिकटते. दोन्हींत डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळ्या पावसाळ्यापूर्वी मोकळ्या आहेत ना ते बघा. तापलेला डिफरन्शियल ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढून घेतो. तेल दुधट दिसलं की बदला, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

---

आरसी_वाचा

कोणी क्रेटांचं वजन धरलेलं दिसत नाही. २० क्रेट गुणिले २१ म्हणजे ४२० किलो. दोन माणसं ७५ ची, १५०. हौद्यावर कॅनोपी किंवा लोखंडी जाळी लावणार असाल तर तिचं वेगळं. जवळपास ६०० किलो. आरसीवर दोन वजनं असतात, रिकामी आणि भरलेली. वजाबाकी करा. प्रत्येक व्हेरिएंटचा आकडा वेगळा आहे, मॅन्युअल-ऑटोमॅटिकमध्येही थोडा फरक पडतो, तेव्हा ब्रोशर नको, त्याच व्हेरिएंटच्या आरसीचा फोटो मागा. या डबल कॅब गाड्यांचा मंजूर भार मालवाहू पिकअपच्या निम्माही नसतो. बोलेरो पिकअप १.७ टी नावाप्रमाणे १,७०० किलो नेते, योद्धा २.० दोन टन. त्या वर्गात डिझेलला ऑटोमॅटिक मिळतच नाही, त्यामुळे हा सगळा वादच संपतो.

तुम्हाला घरची आणि बागेची मिळून एकच गाडी हवी आहे हे समजतंय. पण मग दहा-दहा क्रेटांच्या दोन फेऱ्या करा. जास्त भाराने गिअरबॉक्सआधी मागचे पाटे (स्प्रिंग), टायर आणि ब्रेक बोलतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा वजन विचारतो.

---

हाफ_क्लच

या हिशेबाला जोडून बीएस-६ चा एक मुद्दा, जो दोन्हींना लागू. बागेत रोज तीन किलोमीटर आत, तीन बाहेर, कमी आरपीएमवर. अशाने डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत) काजळी भरते. ती जाळायला गाडीला १५-२० मिनिटं सलग दोन हजार आरपीएमच्या आसपास धावावं लागतं. कोल्हापूरच्या फेऱ्या आहेत तोवर प्रश्न नाही, पण पावसाळ्यात आठवड्याला एकदा देवगड-निपाणी रस्त्यावर मोकळं चालवा. ऑटोमॅटिक लवकर वरचा गिअर टाकून आरपीएम पाडतो, तेव्हा मॅन्युअल मोडमध्ये चौथा धरून ठेवा. डीपीएफचा दिवा लागलेला असताना मधेच इंजिन बंद करू नका, अर्धवट जळण्यात डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

---

घाटमाथा

सेकंडहँड ऑटोमॅटिकचा विचार डोक्यात आला तर ही तपासणी करा. थंड गाडी सुरू करून ब्रेक दाबलेला ठेवा, पी वरून आर, मग डी. गिअर पडायला दीड सेकंदाहून जास्त लागला किंवा धक्का बसला तर विचार बदला. ५० ते ७० च्या दरम्यान हलक्या पायाने चालवा. खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर आली तर कन्व्हर्टरचं लॉकअप किंवा शिळं तेल. कधीकधी नुसतं तेल बदलून जाते, पण त्या भरवशावर पैसे मोजू नका. तेलाचा वास जळका नको. आणि चढावर नेल्याशिवाय सौदा नाही.

नवीनच घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. बाबांनाच चालवायला द्या, एकदा चढावर थांबवून उठवायला सांगा, एकदा मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्यावर उतरवायला सांगा. गुडघा आणि मत, दोन्हींचा निकाल तिथेच लागेल. मायलेजमध्ये ऑटोमॅटिक लिटरमागे अर्धा ते एक किलोमीटर कमी देईल असं धरून चाला. घाटात हा फरक उजव्या पायावरच जास्त ठरतो.

---

हापूसची_पेटी

आरसीचा फोटो मागवलाय. क्रेट कमी करणं भाग दिसतंय. कल ऑटोमॅटिककडे झुकलाय. शेवटचा प्रश्न बाबांचा: क्रेट भरायला गाडी उतारावरच उभी करावी लागते. गिअरची गाडी पहिल्यात टाकून लावतो. ऑटोमॅटिक फक्त पी वर सोडली तर सुटेल का?

---

उतार_बघून

सुटण्याची शक्यता कमी, पण फक्त पी वर सोडू नका. पी मध्ये गिअरबॉक्सच्या आत बोटभर लोखंडी खटका दात्यात अडकतो. गाडीचं आणि क्रेटांचं सगळं ओझं त्या एका खटक्यावर येतं, भरता भरता गाडी हलते आणि निघताना लिव्हर ओढायला जोर लागून ‘खट्’ आवाज होतो.

क्रम असा: पाय ब्रेकवर, लिव्हर एन (न्यूट्रल) वर, हँडब्रेक घट्ट ओढा, पाय सोडा आणि गाडी हँडब्रेकवर बसू द्या. ती किंचित सरकून थांबेल. मग पुन्हा ब्रेक दाबून पी. निघताना उलट: आधी ब्रेक, पी वरून डी किंवा आर, आणि शेवटी हँडब्रेक. उताराच्या बाजूला मागच्या चाकाखाली लाकडी ओंडका, तिरका कापलेला, दोरी बांधून हौद्याला अडकवलेला, म्हणजे विसरून निघालात तरी मागे राहणार नाही. हँडब्रेक पाच-सहा दात्यांत घट्ट होत नसेल तर मागचे ब्रेक ड्रम आधी अॅडजस्ट करून घ्या. नव्या गाडीतही पहिल्या सर्व्हिसला हे सांगून करून घ्यायचं.